ओयदिनचे हात

किर्गिझस्तानातल्या ओश शहराच्या बाजारामागील गल्लीत ओयदिनची ख्याती होती ती नानपेक्षाही तिच्या हातांची. बाकीचे नानवाले हाताला जाड कापड गुंडाळीत. ही मात्र उघड्या हाताने तंदुरातले नान काढी. तिला अग्नीचे वरदान आहे असे शेजारी मानीत, आणि तिलाही त्याचा अभिमान होता.

त्या सकाळी पांढरा कोट घातलेला एक नवखा तरुण नान घेण्यास आला — इस्पितळात नुकताच रुजू झालेला डॉक्टर इल्होम. त्याची नजर तिच्या मनगटावर थबकली.

“हे कधी भाजलं?”

“कुठं?” तिने टपोरा फोड पाहिला आणि हसली. “नान घ्यायला आलात की हात बघायला, डॉक्टर-अका?” गल्लीत पुरुषांना मानाने ‘अका’, म्हणजे दादा, म्हणत.

“आलो होतो नान घ्यायला...”

मग तो रोजच येऊ लागला. एकदा तिला डोळे मिटायला लावून त्याने तिच्या बोटांवर दाणे ठेवले. तीळ कोणता, कलौंजी कोणती, तिने अचूक सांगितले. नंतर त्याने दोन पेले पुढे केले. गार पाण्याचा म्हणून तिने जो दाखवला, त्यातून वाफ निघत होती.

इस्पितळात काढलेले तिच्या पाठीच्या कण्याचे चित्र हाती आल्यावर त्याने समजावले, “पाठीच्या कण्यात करंगळीएवढी मज्जा असते. स्पर्श तिच्यातून एका बाजूनं सरळ वर जातो. ऊन-गार नि दुखणं मात्र आत शिरताच मधोमध ओलांडून पलीकडे जातं. तुझ्या मज्जेत नेमकी मधोमध पोकळी आहे, ती वाट तिथंच तुटते.”

ओयदिन आपल्या बोटांकडे पाहत राहिली. एकाच बोटाच्या टोकावरून दोन वाटा निघतात, आणि जन्मभर त्यांचा पत्ताही लागत नाही...

“म्हणजे वरदान नव्हतंच.”

“नाही.”

“फार गोड बोलता हो.”

“ते जमत असतं, तर एवढे नान खावे लागले नसते.”

तिला हसू आले, पण टिकले नाही. “पोकळी वाढली तर?”

“हातांतला जोर जाईल. पुढे स्पर्शही. राजधानीत, बिश्केकला, शस्त्रक्रिया करून ती थांबवता येते.”

“आणि शस्त्रक्रियेनं ऊब परत कळेल?”

“बहुधा नाही. उरलंय ते टिकेल.”

तिने हात पुढे केला. “काय उरलंय, बघू तर द्या.”

इल्होमने तो हाती घेतला. तिने डोळे मिटले.

“तुमचा हात गरम की गार, ते कळत नाही, अका,” ती हळूच म्हणाली. “पण थरथरतोय...”

“सोडू?”

“नको. हे टिकायला हवं.” तिने बोटे घट्ट केली. “बिश्केकच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. मी जाते.”