निरगुडगड राखता येतो का?

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या प्रयोगशाळेत एक अख्खी भिंत प्रश्नांसाठी राखून ठेवली होती. 'वेढा' हा ऐतिहासिक डावपेचांचा खेळ बाजारात यायला दोन महिने उरले होते आणि ठिकठिकाणचे लोक विचारत होते ते सारे त्या भिंतीवर उमटत होते. हत्ती थकतात का? पावसात तोफेची दारू भिजते का? शत्रूच्या छावणीत पटकी पसरली तर वेढा उठतो का? अशा प्रश्नांना तासाभरात उत्तर जाई. सर्वांत वरचा प्रश्न मात्र उन्हाळ्यापासून ठाण मांडून बसला होता. निरगुडगड राखता येतो का?

"हो किंवा नाही, एवढंच सांगायचंय," नंदन पेडणेकर म्हणाला. प्रसिद्धी विभागाचा हा प्रमुख आठवड्यापूर्वीच रुजू झाला होता. "लोक चिडलेत. म्हणतात, ह्यांनाच माहीत नसेल."

"बरोबर म्हणतात," फिरोज तांबोळी म्हणाला. खेळामागची सारी यंत्रणा त्याने रचली होती. "आम्हाला माहीत नाही."

नंदनने इरावतीकडे पाहिले. इरावती खडतरे वर्तनगणिती होती. खेळातली माणसे कशी वागतील याची समीकरणे तिची. ती हसली नाही, तेव्हा हा विनोद नव्हे हे त्याच्या लक्षात आले.

"बस," फिरोज म्हणाला. "चहा घे आणि ऐक. इतर खेळांत शत्रूला सगळं दिसतं, खेळणाऱ्यालाही नकाशा दिसतो. आपल्या खेळात प्रत्येक माणसाला ज्ञानसीमा आहे. त्याच्यापर्यंत जे पोहोचलं तेवढंच त्याला ठाऊक. जासूद वाटेत पकडला गेला तर पत्रातली बातमी त्याच्यासाठी घडलेलीच नाही. खेळातल्या या माणसांना आम्ही प्रतिजन म्हणतो. खेळणाराही त्याच सीमेत. तू किल्लेदार आहेस, गडावर सहाशे माणसं आहेत, कोठारात धान्य संपत आलंय, खाली वेढा पडलाय. कुमक निघाली का, तुला माहीत नाही."

"पण इतिहासात कुमक आली होती. शाळेत शिकलोय आम्ही. किल्लेदार फितूर झाला, त्यानं दार उघडलं आणि तीन आठवड्यांनी कुमक आली."

"म्हणूनच प्रत्येक डावात ती वेगळ्या दिवशी येते. कधी येतच नाही. इतिहास पाठ असून उपयोग नाही. पण 'राखता येतो' असं आपण आधीच जाहीर केलं, तर खेळणारा कळ काढणारच. किल्लेदाराला ते कुणी जाहीर केलं नव्हतं. म्हणून माणसाची पहिली खेळीच खरी. दुसऱ्या वेळी तो शहाणा झालेला असतो."

"ठीक आहे, पण एवढी काळजी कशाला? खेळच आहे ना शेवटी?"

उत्तर इरावतीला द्यावे लागले.

"तो किल्लेदार रायाजी खडतरे," ती म्हणाली. "आमचा."

गडाच्या पायथ्याला निरगुडवाडी आहे. दसऱ्याला तिथे देवीची पालखी दारोदार जाते. ती खडतऱ्यांच्या आळीत शिरण्याआधी गावकरी त्यांचे दार बाहेरून काथ्याच्या दोराने बांधतात आणि पालखी पुढे गेली की सोडतात. दार खडतऱ्यांच्या हाती नको, एवढाच त्याचा अर्थ. कुणी शिवी देत नाही, कुणी हात उगारत नाही. बांधणारा कित्येकदा जिवलग मित्र असतो आणि संध्याकाळी सोने द्यायलाही येतो. लहानपणी इरावतीला तो खेळ वाटे. दहाव्या वर्षी तिने वडिलांना विचारले, की आतून आपणही एक दोर बांधू या का. त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

गेल्या वर्षी ग्रामसभेत तिने हा विषय काढला. सरपंच महादेव शेडगे याने तिथेच शब्द दिला. लोकांना तुझा खेळ खेळू दे, पहिल्या फेरीत निम्म्यांवर लोकांनी दार उघडले तर दोर मी माझ्या हाताने चुलीत घालीन. सभेने माना डोलावल्या. बहुतेकांनी दार बंद ठेवले तर काय, हे कुणी विचारले नाही, कारण मग दोर तसाच राहणार हे सर्वांना ठाऊक होते.

इरावती निर्धास्त होती. यंत्रातल्या किल्लेदाराला हजारो वेळा त्या गडावर बसवले होते आणि दहातल्या नऊ वेळा त्याने दार उघडले होते. जिवंत माणसे याहून वेगळी वागतील असे मानायला तिच्या गणितात जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात बंद चाचणी झाली. राज्यभरातून तीनशे जण निवडले होते. प्रत्येकाला एकदाच खेळायचे होते. निकाल फिरोजने आणून दिला.

"चौघांनी उघडलं."

"चार टक्के?"

"चार माणसं, इरा."

तिने आकडे पुन्हा मोजायला लावले. चूक नव्हती. बाकीच्यांनी दार बंदच ठेवले होते. बहुतेक डावांत कुमक पोहोचली तेव्हा आत मूठभर माणसे उरली होती, पण निशाण गडावरच होते आणि खेळाच्या नियमाने तो विजय होता.

नंदनचा आनंद लपत नव्हता. "म्हणजे राखता येतो! टाकू का उत्तर?"

"थांब," इरावती म्हणाली. का थांबायचे ते तिला सांगता येईना.

त्याच शनिवारी तात्या आले. इरावतीचे वडील एसटीत चालक होते, आता निवृत्त. चाचणीचा निकाल तिने त्यांना सांगितला नव्हता, आणि त्यांनीही विचारला नाही.

"मला बसीव एकदा त्या खुर्चीत," ते म्हणाले.

"तात्या, तुमची खेळी मोजता यायची नाही. तुम्ही घरचे."

"मोजू नगं. पन बसीव."

फिरोजने त्यांच्या डोळ्यांवर दर्शनपट्टी चढवली. "तात्या, बोलायचं नेहमीसारखं. समोरचे ऐकतात."

"एवढी वर्सं प्याशिंजरास्नी ऐकवलंय, ह्यास्नी ऐकवाय काय जातंय?"

समोरच्या पडद्यावर इरावतीला गड दिसत होता. तात्यांनी पहिल्या दिवशीच धान्य निम्म्यावर आणले. फिरोजने भुवया उंचावल्या. इतक्या लवकर तो निर्णय कुणी घेतला नव्हता. त्यांनी टाक्यांवर पहारा बसवला, म्हाताऱ्या बैलांची गणती करवली, पहाऱ्यावर झोपलेल्याला नुसतेच झापले. दिवस सरत गेले, जासूद आला नाही. किल्लेदाराची बायको म्हाळसा समोर येऊन उभी राहिली.

"कुमक येणार आहे का?"

"येईल," तात्या म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

तात्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"आपल्या धाकट्याला, सुभानाला ताप आहे. पाणी ठरत नाही पोटात. खालचा सरदार म्हणतो, दार उघडलं तर माणसांना वाट देऊ. शब्द पाळेल का तो?"

"काय म्हाईत."

"मग ह्यांना विचारा," असे म्हणून ती बाजूला झाली. मागे चौकात माणसे बसली होती. ती ओरडत नव्हती. नुसती दाराकडे बघत होती.

तात्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते, घाटात असावेत तसे. "दार बंद ऱ्हाईल," ते म्हणाले. एकदा, मग दोनदा. तिसऱ्यांदा त्यांना कुणी विचारलेही नव्हते.

कुमक आली. निशाण होते. पडद्यावर विजयाची अक्षरे उमटली आणि त्यांखाली हयात माणसांची घराणी. तात्यांनी पट्टी काढली आणि डोळे चोळत ती वाचली.

"खडतरे न्हाईत ह्यात."

"नाहीत," इरावती म्हणाली. "तुमचा किल्लेदार शेवटच्या आठवड्यात गेला. सुभाना त्याच्या आधी."

"आनि थोरला?"

"तो वेढ्याआधीच लढाईत पडला होता. सुभाना एकटाच उरला होता."

"म्हंजी आपुन सुभानाचं."

"हो."

तात्यांनी पट्टी मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "मला ते पोरगं दिसतच नव्हतं बघ. मला दोर दिसत हुता."

इरावती उठून भिंतीपाशी गेली. निकाल आल्यापासून जे गणित सुटत नव्हते ते तिच्यासमोर मांडून ठेवल्यासारखे स्वच्छ झाले होते.

"फिरोज, आपण कुमक लपवली, निकाल नाही लपवला. यंत्रातल्या किल्लेदाराला दार उघडल्यावर आपलं पुढं काय होईल हे माहीत नाही. या तीनशे जणांना माहीत आहे. चौथीच्या पुस्तकापासून माहीत आहे. ज्ञानसीमा फुटली ती इथं."

"फितूर म्हणतील ही भीती त्यालाही असेलच की," फिरोज म्हणाला.

"भीती असेल. पण ज्यांना वाचवलं ते सहाशे जण आपल्या बाजूनं बोलतील, असा भरवसाही असेल. ते बोलले नाहीत हे फक्त आपल्याला माहीत आहे."

"कसं बोलतील?" तात्या म्हणाले. "बोलायचं म्हंजी आपुन भुकंनं खाली उतरलो हे कबूल करायचं."

फिरोजने पडताळा घेतला. हा इतिहास कधी कानावरही न पडलेले लोक त्याने पेरू, फिनलंड आणि केनियातून निवडले आणि तोच गड त्यांना दिला. शंभरातल्या पंच्याऐंशी जणांनी दार उघडले. निष्कर्ष काटेकोर होता आणि निरुपयोगीही. रायाजीचा न्याय करायला पात्र तेच, ज्यांना रायाजी ठाऊक नाही. ज्यांना तो ठाऊक आहे, ते त्या जागी बसूच शकत नाहीत.

इरावतीने हे सारे सरपंचाला समजावून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"फिनलंडवाल्यांचं आमाला काय करायचंय, ताई? दोर गावचा हाय. गाव खेळंल, गाव ठरवंल."

नंदनला तिने सांगितले, की वरचा प्रश्न तसाच राहू दे. तो कुरकुरला, पण राहू दिला.

खेळ दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात बाजारात आला. निरगुडवाडीने शाळेच्या सभागृहात चार यंत्रे मांडली आणि गाव रांगेने खेळले. दसऱ्याच्या आदल्या दुपारी सरपंचाचा फोन आला तेव्हा इरावती घरी, गावातच होती. तात्यांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"तात्या, वाईट वाटून घिऊ नका. समदं गाव खेळलं. एकानंबी दार उघडलं न्हाई."

"तू खेळलास, म्हादू?"

"म्या तर पयला. बैलं कापली, चामडं उकळून खाल्लं, पन दार न्हाई उघडलं. गडावरची मानसं आमी."

"ते हायेच," तात्या म्हणाले. "तुमी बारुदखान्याचं शेडगे."

"मंग! भायेरगावचं न्हवं, खालनं आल्यालं न्हवं. थेट गडावरनं उतरल्यालं."

"कवा उतरलं?"

"आं?"

"शेडगे गडावरनं खाली कवा उतरलं, म्हादू?"

उत्तराची वाट न पाहता तात्यांनी पुढे विचारले.

"तुज्या डावात कुमक आली तवा कोन कोन जितं हुतं? घरान्यांची नावं येत्यात बघ शेवटाला. वाचलीस का?"

"कोन वाचतंय ते? जितलं म्हनल्यावर..."

"वाच की. म्या थांबतो."

सरपंच कुणाला तरी पडदा खाली सरकवायला सांगत होता. नावे फार नसावीत, कारण वाचून व्हायला वेळ लागला नाही. "शेडगे न्हाईत ह्यात," तो म्हणाला. तात्यांनी फोन ठेवला नाही. सभागृहातला पंखा ऐकू येत होता, आणि यंत्रापाशी बसलेल्या पोरीचा आवाज.

"सरपंचकाका, पयल्यापासनं परत लावू का?"