पोस्टरवरची आजी

पत्र येऊन आठवडा होत आला, तरी नंदकुमारने उत्तर लिहिलं नव्हतं. ते त्याने नकाशांच्या पुस्तकात लपवलं होतं, आणि त्या भीतीने तो पुस्तकच उघडत नव्हता.

पत्र गोजरा नावाच्या मुलीचं होतं. जुन्नरकडच्या एका खेड्यातून आलेलं. अक्षर मोठं, गोल.

“कांद्याच्या ट्रकवाल्याने तुमचं पोस्टर गावात आणलं. त्यावरचं भूत माझी आजी आहे. ती नवरात्रात हरवली. तुम्ही तिला कुठे पाहिलं? आणि तिला भूत का केलं?”

दिवाळी सरली होती. वाशीतल्या नव्या इमारतींच्या गॅलऱ्यांत फाटके आकाशकंदील लोंबत होते आणि कारखान्यांच्या धुराने आभाळ दिवसभर राखाडी दिसायचं. सुट्टी मात्र अजून बाकी होती. या सुट्टीत शेजारच्या वैजयंतीच्या भावाने, कॉलेजात शिकणाऱ्या दिलीपदादाने, मित्रांच्या मदतीने एक भुताचा सिनेमा काढला होता. ‘पाणथळीतली बाई’. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये खेळ होता आणि पोस्टरचं काम चित्रं काढणाऱ्या नंदकुमारकडे आलं होतं.

पण त्याचं भूत काही जमेना. “ही भूत नाही, दाढ दुखणारी मावशी आहे,” वैजयंती म्हणाली होती. शेवटी छापखान्याच्या पोपटशेठनी जुन्या ब्लॉकांचं खोकं पुढे सरकवलं. ब्लॉक म्हणजे फोटोवरून जस्तावर केलेला ठसा. त्यात एका सुरकुतलेल्या म्हातारीचा चेहरा सापडला. नंदकुमारने तिच्या डोळ्यांखाली काळ्या रेघा वाढवल्या, लिनोलियमचा तुकडा कोरून त्याच्या ठशाने तिला लाल, मोकळे केस दिले, आणि पोस्टर असं झालं की दिलीपदादाने त्याला उचलूनच घेतलं. तिकिटांसाठी खाली पत्ता छापला होता. नंदकुमारचाच.

शेवटी त्याला राहवेना. त्याने जिन्यात बसून वैजयंतीला पत्र दाखवलं. सोबत मारोती होता, वाशी गावातला त्यांच्या वर्गातला मित्र. त्याची आई बाजारात कांदे निवडायला जायची.

वैजयंतीने पत्र दोनदा वाचलं. “आणि तू इतके दिवस गप्प?”

“काय लिहू? मी तिला पाहिलेलंच नाही.”

मारोतीचा चेहरा मात्र उतरला होता. “मी पाह्यलीय,” तो हळूच म्हणाला. “माज्या आयशीजवल बसून कांदं निवडायची. कुनाशी बोलायची नाय. सगल्यांना वाटलं, हाय कुनाची तरी. मग तुमची पोस्टरं लागली. पोरं तिला भूत भूत करून कांदं मारायला लागली. त्या दिवशी पलाली ती.”

 नंदकुमारला वाटलं, आपण इथून उठूच नये.

पण वैजयंतीने त्याला हाताला धरून उठवलं आणि तिघे छापखान्यात गेले. पोपटशेठ यंत्राला तेल घालत होते. वैजयंतीने अगदी भोळेपणाने विचारलं, तो म्हातारीचा ब्लॉक कुणाचा होता. शेठ म्हणाले, हरवलेल्या बाईचा. ट्रकमधून मुलासोबत डोळे दाखवायला चालली होती, तुर्भे नाक्यावर उतरली ती गेलीच. मुलाने खूप शोधलं आणि जाताना जाहिरात छापायला दिली.

“मग छापली?”

“छापली की. चांगली गठ्ठाभर. सगळीकडे चिकटवली. तिच्या मुलालाही तसं कळवलंय.”

मोठ्या माणसांसमोर नंदकुमारच्या तोंडून शब्द फुटत नसे. शेजारी आले की तो पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायचा. पण आता तो खोक्याकडेच बघत होता.

“काका,” तो म्हणाला, “खोक्यातले बाकीचे ब्लॉक काळे आहेत. रेघांत शाई बसलीय. हा मी उचलला तेव्हा चकचकीत होता. त्याला पहिली शाई आम्ही लावली.”

पोपटशेठच्या हातातली तेलाची बुधली तशीच राहिली. अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगारही मान वर करून बघू लागला.

“दिवाळीची भेटकार्डं आली रे एकदम,” शेठ अखेर पुटपुटले. “आज करू, उद्या करू म्हणता राहून गेलं.”

 

बाहेर आल्यावर मारोती म्हणाला, बाजारात तर ती परत आलेली नाही, आता हुडकायची कुठे? नंदकुमार रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि काडीने धुळीत रस्ते काढू लागला. डेपोपाशी पोस्टर, शाळेच्या भिंतीवर पोस्टर, हायवेच्या पुलाखाली पोस्टर. सगळी त्याने स्वतः खळ लावून चिकटवली होती.

“जिथे पोस्टर, तिथे पोरं तिला चिडवणार. ती त्या रस्त्याने जाणारच नाही,” तो म्हणाला. “एकाच रस्त्यावर आपण लावलेलं नाही. मिठागराच्या. दादा म्हणाला, तिकडून सिनेमाला कोण येणार?”

मिठागराचा बांध निसरडा होता. दोन्ही बाजूंना काळं, थिजलेलं पाणी. मारोती पुढे, कारण चिखल कुठे गिळतो ते त्याला माहीत. वैजयंतीचा पाय एकदा गुडघ्यापर्यंत रुतला आणि दोघांनी ओढून काढला, चप्पल आतच राहिली. बांधाच्या टोकाला रखवालदाराची मोडकी झोपडी होती. आत कोपऱ्यात गोणपाट पांघरून कुणीतरी बसलं होतं.

मुलं दिसताच म्हातारीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

नंदकुमार दारातच थांबला. तोच चेहरा. पण डोळ्यांखाली रेघा नव्हत्या.

“आजी,” तो म्हणाला, “तुम्ही गोजराच्या आजी ना?”

हात हळूहळू खाली आले. तिने त्याच्याकडे पाहिलं.

“गोजरा जेवली का?” तिने विचारलं.

त्या दिवशी मारोतीच्या आईने तिला घरी नेऊन भात भरवला. नंदकुमारच्या वडिलांनी तार केली. गोजराचे वडील आले, आईच्या पायांशी बसून रडले आणि तिला घेऊन गेले. पोपटशेठनी मान खाली घालून त्यांची माफी मागितली. दिलीपदादाने एकही पोस्टर भिंतीवर ठेवलं नाही, आणि रविवारी हॉल अर्धा रिकामा राहिला तरी कुणाला बोल लावला नाही. सोसायटीच्या चेअरमनांनी तिघांना बोलावून पाठ थोपटली. नंदकुमारच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, असा मुलगा प्रत्येक घरात हवा. तो बुटांकडे बघत राहिला.

आजी घरी पोचली होती. पण गोजराने आणखी एक प्रश्न विचारला होता, आणि त्याचं उत्तर तारेत नव्हतं.

त्याने कागद घेतला. पहिले तीन फाडले, कारण त्यांत सबबी होत्या. चौथ्यावर लिहिलं:

“गोजरा, मला भीतिदायक चेहरा हवा होता. तो कुणाचा, हे मी विचारलं नाही. रेघा मी काढल्या, केसही मीच. तुझ्या आजीला पोरांनी त्यामुळे मारलं. ती आम्हाला भेटली तेव्हा तिने आधी तुझं विचारलं. तू रागावली असशील तर तसं लिही. मी पत्र लपवणार नाही.”

डेपोजवळच्या भिंतीवर पोस्टर काढल्याच्या जागी खळीचा चौकोन उरला होता. तो बघत नंदकुमार क्षणभर थांबला. मग त्याने पत्र पेटीत टाकलं, आणि ते खरंच आत पडलं का, हे फटीत बोटं घालून पाहिलं.