पांघरुणाखालचा भाव

या, बसा असे जवळ. माझी शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं बाजारानं शिकवलं. आमच्या धान्यबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांचे हात रुमालाखाली जातात, समोरचा चार बोटं दाबतो, आपण एक सोडवून घेतो आणि तिनावर आणतो. चाळीस वर्षांत पहिल्या आकड्याला मी कधी हो म्हटलेलं नाही.

माझ्या लेकीला मुलगी झाली, ती जन्मल्यावर रडलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मेंदूची चित्रं काढली, त्यांत डाग दिसले. सातव्या दिवशी पुन्हा काढायचं ठरलं. पोर पुढे चालेल का, बोलेल का, याचा अंदाज त्यावरून बांधू, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. सोबतीला मी निघालो, तर लेक खाटेवरून म्हणते, "बाबा, आत कुणाशी घासाघीस करू नका हं." हसायला गेली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं तिनं.

गुंगीचं औषध द्यायचं नव्हतं. नर्सनं पोरीला दूध पाजलं, कान झाकले, घट्ट गुंडाळलं आणि यंत्राच्या पांढऱ्या बोगद्यात सरकवलं. घड्याळ, किल्ल्या बाहेर ठेवून मी पायथ्याशी बसलो. हात पांघरुणाखाली, तिच्या पावलावर. पाऊल ते केवढं, माझ्या अंगठ्याएवढं.

यंत्र ठोकू लागलं. दुधाचा वास, स्पिरिटचा वास. मी मनात घोकत होतो, हिला चालू दे, बोलू दे, काय हवं ते सांग...

ठोके थांबले. आणि पांघरुणाखाली कुणीतरी माझा हात धरला.

तळवा मोठा, गार, कोरडा. सरावलेला. त्यानं माझी चार बोटं दाबली.

मी... सवय हो. करंगळी सोडवून घेतली.

तो जरा थांबला. मग तीन दाबून सुटला.

चित्रं स्वच्छ आली. डॉक्टरबाई जुनी-नवी शेजारी लावून बघत बसल्या. डाग कुठे गेले, त्यांना सांगता येईना. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. मला मात्र एका जागी बसवेना. आकडा कशाचा, हे मी विचारलंच नव्हतं.

पोर अकराव्या महिन्यात चालली. आता तर तोंडाला कुलूप नाही. दुपारी झोपताना तिला पांघरुणाखाली माझा हात लागतो. पहिल्या वाढदिवशी तिथं माझी दोन बोटं दाबली गेली. म्हटलं, पोरीचा चाळा असेल.

परवा दुसरा वाढदिवस झाला. एकच बोट दाबलं गेलं. मी खाली पाहिलं, तर तिचे दोन्ही हात उशीवर, गालाखाली.

तेव्हापासून, सोडवून घेतलेलं ते एक वर्ष परत मागायला, रोज दुपारी मी पांघरुणाखाली चारही बोटं पुढे करून बसतो...

कुणी धरत नाही.