शेवटच्याने फाटक लावावे

गियाखेनचा फोन आला तेव्हा बार्ला तुओर रस्त्याच्या वळणावरच्या पिवळ्या पाटीचे स्क्रू आवळत होती.

"पुन्हा उघडं," तो म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"काका, परवाच स्प्रिंग बसवली मी. फाटक आपोआप लागतं."

"लागत असेल. तुझ्या सायकलवाल्यांनी फाटकाच्या पल्ल्याला धोंडा लावून ठेवला होता. सकाळी चार गाई घळीच्या कडेला चरत होत्या. पोरी, मी सदुसष्ट वर्षांचा आहे. घळीच्या कडेला पळायचं माझं वय नाही."

बार्ला स्वतः बावन्न वर्षांची होती, पण गियाखेनला डोंगरात त्याच्याखेरीज सगळी पोरंच दिसत. एकतीस उन्हाळे त्याने त्या वरच्या कुरणावर काढले होते. गावाच्या त्रेसष्ट गाई त्याच्या अंगावर, त्यांचं दूध काढायचं, तिथेच चीज करायचं आणि सप्टेंबरात सगळ्या धडधाकट खाली आणायच्या. यंदा जुलैतच दोन कालवडी घळीत पडून मेल्या. पंचायतीने सांगून टाकलं होतं, की आणखी एक जनावर गेलं तर उन्हाळा अर्धा टाकून गियाखेनने खाली यायचं. मग पुढच्या वर्षी त्याला कोण विचारणार?

आणि रस्ता बार्लाने आखला होता. गावाच्या वाटा आणि पाट्या तिच्याकडे. अडुसष्ट किलोमीटरची खडीची वाट, लष्कराच्या जुन्या रस्त्याने खिंडीवर चढायचं आणि कुरणातून उतरायचं. जाड टायरच्या सायकली घेऊन झ्युरिकहून माणसं येत, फोटो काढत, गावात बार्लीचं सूप पीत आणि ते महाग आहे म्हणून कुरकुरत. ते सगळं चाललं असतं. पण कुरणाच्या खालच्या टोकाला ते एक फाटक होतं.

पर्यटन कचेरीतल्या दुरी नावाच्या पोराला पाटीवर दोनच शब्द हवे होते: फाटक लावा. बार्लाच अडून बसली. या खोऱ्यात मागून येणाऱ्याच्या तोंडावर कुणी फाटक आपटत नाही. मागे वळून बघायचं, कुणी दिसलं तर हात वर करायचा आणि फाटक उघडं सोडून निघायचं. आईने तिला चालायला शिकवलं त्याच उन्हाळ्यात हेही शिकवलं होतं. म्हणून तिने पाटीवर लिहवून घेतलं: मागे कुणी असेल तर उघडे ठेवावे, शेवटच्याने फाटक लावावे.

"शेवटचा कोण ते त्याला कसं कळणार?" दुरीने विचारलं होतं.

"डोळे आहेत ना त्याला?"

आता त्याच डोळ्यांनी तिचं डोकं फिरवलं होतं. पंधरा दिवस ती संध्याकाळी गावातल्या खानावळीत बसून एकेकाला धरून विचारत होती. शेवटचे तुम्हीच ना? हो. फाटक लावलंत? नाही. का? मागे एक होता. रोजचा शेवटचा माणूस वेगळा आणि उत्तर मात्र तेच. एकजण तर उलट तिच्यावरच तडकला. "बाई, तुमचीच पाटी आहे ना? मी पाटीप्रमाणे वागलो."

"मागचा गेला कुठे मग?"

"मला काय ठाऊक? सायकल हातात धरून चालत येत होता. मी हात केला, त्यानेही केला."

उतारावर सायकल हातात धरून कोण येतं? ब्रेक गेला असेल, दुरी म्हणाला. रोज ब्रेक जातो का, गाढवा? ती म्हणाली. दुरीने खांदे उडवले. त्याच्या लेखी हा रस्ता यशस्वी होता, तीनशे जणांनी पाच तारे दिले होते.

गुरुवारी ती स्वतःच वर गेली. तिने विजेवर चालणारी सायकल नेली, कारण तिला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. खिंडीतल्या दगडी खोलीच्या भिंतीला पाठ टेकून ती दुपारभर बसली आणि वहीत रेघा ओढत राहिली. हवा स्वच्छ होती. समोरची हिमनदी उन्हात करडी, मळकट दिसत होती. नऊजण वर आले, नऊजण पलीकडे उतरले. साडेचारला खालच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने पुन्हा दुर्बीण फिरवून सगळी वळणं तपासली. मग नवव्या, सगळ्यात शेवटी आलेल्या बाईच्या मागे, दोनशे पावलांचं अंतर ठेवून, तीही उतरू लागली.

आज शेवटची मी, ती मनात म्हणाली. बघते कोण येतो ते.

कुरणातून जाताना गाईंच्या घंटा वाजत होत्या. ती खालच्या टोकाला पोचली तेव्हा नववी बाई फाटकापाशी थांबून पाणी पीत होती. दातांची डॉक्टर होती ती, दुपारी वर बोलणं झालं होतं. पल्ला सताड उघडा होता आणि खाली धोंडा लावलेला.

"हा धोंडा तुम्ही लावलात?" बार्लाने विचारलं.

"हो. तुम्ही येत होतात ना."

"बरं झालं." बार्लाला हसू आलं. आज मागचं माणूस खरंच होतं, ती स्वतःच. "मी आले. आता लावूया."

डॉक्टरबाईने तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि सहज हात वर केला.

"तुमच्या मागे एक आहे ना," ती म्हणाली. "बिचारा चालतोय. चला, मला सहाची गाडी गाठायचीय."

ती गेली. तिच्या टायरखालची खडी बराच वेळ ऐकू येत होती.

बार्लाने मागे पाहिलं. पांढरा रस्ता, दोन्हीकडे गवत, वर गियाखेनच्या खोपीचा धूर. कुणी नव्हतं. तिला सणकून राग आला. बाईचा, दुरीचा, स्वतःच्या पाटीचा. तिने सायकल फाटकाबाहेर काढली, लाथेने धोंडा उडवला आणि पल्ला धरला.

तेव्हा खडी वाजली.

तिच्या मागे, पन्नासेक पावलांवर. पावलं, आणि पावलांबरोबर फिरणारी चाकं. सावकाश, कुणाला आपल्यामुळे खोळंबावं लागू नये म्हणून जरा घाई करणाऱ्या माणसासारखी.

तिने पुन्हा पाहिलं नाही.

हात पल्ल्यावर होता आणि हात हलत नव्हता. पन्नास वर्षांची सवय मनगटात बसली होती. मागे कुणी असेल तर. तिला गियाखेन आठवला, त्या दोन कालवडी आठवल्या, घळीत वाकडी पडलेली ती धाकटी.

"खड्ड्यात जा," ती मोठ्याने म्हणाली आणि पल्ला ओढून घेतला. साखळीचे दोन वेढे दिले. आकडा अडकवला.

पावलं फाटकापर्यंत आली.

थांबली.

कुणी पल्ला ढकलला नाही. कुणी हाक मारली नाही. पलीकडे कुणीतरी फक्त उभं होतं, शहाण्या माणसासारखं, आपल्यासाठी उघडतील म्हणून.

ती सायकलवर बसली आणि गावापर्यंत एकदाही ब्रेक न लावता उतरली.

सकाळी सहाला गियाखेनचा फोन आला. "लागलेलं होतं बरं का! उरलेल्या एकसष्टच्या एकसष्ट आत. पंचायतीला म्हणावं, आता बोला. तुझ्या तोंडात साखर पडो, पोरी."

"आणि बाकी?" तिने विचारलं.

"बाकी काय? गाई रात्रभर बसल्या नाहीत, एवढंच. उभ्याच. दूधही नीट देईनात. हवा बदलणार असेल."

ती पाना आणि दुरीची दोन शब्दांची नवी पाटी घेऊन निघाली. फाटकापाशी पोचली तेव्हा ऊन कुरणावर नुकतं उतरलं होतं. साखळी तिने लावली तशीच होती. गाई चरत नव्हत्या. सगळं खिल्लार रस्त्यावर उतरून दाटीने उभं होतं, आणि एकही घंटा वाजत नव्हती.

त्या दाटीत एक मोकळी जागा होती. एका माणसाची आणि त्याच्या शेजारी एका सायकलीची, एवढीच. पुढची गाय दोन पावलं सरून वाट देई, मागची पुन्हा वाट बुजवी. एकही बुजली नाही, एकही हंबरली नाही. मोकळी जागा सावकाश वर चालली होती, फाटकापासून दूर, खोपीकडे.

बार्लाने साखळी ओढून काढली. फाटक कुंपणाच्या भिंतीला आपटेपर्यंत उघडलं. "इकडे!" ती ओरडली. "उघडंय! इकडून जा!"

मोकळी जागा वळली नाही.

वर खोपीचं दार उघडलं. तिचा आवाज ऐकून गियाखेन उंबऱ्यावर आला, एप्रनला हात पुसत. त्याने लांबूनच तिला ओळखलं, हसला, हात वर केला. शेवटची गाय दारासमोरून बाजूला झाली.

आणि गियाखेन, तिच्याकडे बघत असतानाच, दारातून एक पाऊल बाजूला सरला, कुणी आत येत असलं की आपण सरतो तसा.