हेमराजची घागर

"एक हजार एक. एक हजार दो. एक हजार तीन."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. वडोदऱ्याच्या क्वार्टरमध्ये रविवारी जेवण झालं की आप्पा पंख्याखाली आडवे व्हायचे आणि झोपेत मोजायचे. तीनपर्यंतच. आई म्हणायची, फौजेतली सवय आहे. विमानातून उडी घेतली की असं मोजतात, आणि चारला मान वर करून बघतात, छत्री उघडली की नाही. आप्पांचं चार मी कधी ऐकलं नाही.

आप्पा मूळचे नंदुरबारकडच्या तळोद्याचे. पण एकाहत्तरच्या बांगलादेशच्या लढाईनंतर त्यांनी या जिल्ह्यात पाऊल ठेवलं नव्हतं. लग्नं झाली, भाऊबंद गेले, ते आले नाहीत. यंदा पंच्याहत्तरी उलटल्यावर एप्रिलच्या ऐन उन्हात स्वतःहून म्हणाले, "कामिनी, मला नंदुरबार दाखव. तापीकाठचं प्रकाशाही बघू. आखाजीला जाऊ." आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तीच का, ते सांगितलं नाही.

मी पुण्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. पाहिलेलं मोजून घ्यायची सवय आहे, म्हणून त्या दिवसाचं जसं दिसलं तसंच लिहिते आहे.

सकाळी नंदुरबारच्या जुन्या गल्ल्या फिरलो. लाकडी घरांच्या तुळयांवरचे कोरीव पोपट, माणिक चौकातलं बेचाळीसच्या बालशहीदांचं स्मारक. आप्पांचं कशात लक्ष नव्हतं. गाडीत ते पट्टा लावत होते, सोडत होते, पुन्हा लावत होते. प्रकाशाला केदारेश्वराच्या आवारात मी म्हटलं, शिखर बघा, तर ते खाली फरशीवर पडलेली शिखराची सावली बघत राहिले. घाटावर आले तेव्हाही तेच. तापीवरून एक घार गेली. आप्पांनी पाण्यावरून सरकणारी तिची सावली पार पलीकडच्या काठापर्यंत पाहिली. मान काही वर केली नाही.

"आता परत?" मी विचारलं.

"इथून पुढे एक गाव आहे," ते म्हणाले. "पाच मैल."

रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी. गावात शिरलो तेव्हा बारा वाजत आले होते. लिंबाच्या झाडांना झोके बांधलेले, आणि कुठल्यातरी आळीत पोरी गात होत्या:

*झोका मन्हा गया वर, खाले दिसे माहेर,*
*पाय टेकू दे वं माय, मंग सोड तू दोर.*

आप्पा थांबले. ओठांत पुढची ओळ म्हणाले असं मला वाटलं. मग कोणाला काही न विचारता गल्लीच्या टोकाच्या घराशी गेले.

दारात सहासष्ट-सदुसष्टची बाई उभी होती, गुजर बायका घेतात तसा डोईवर पदर. पार्वतीबाई. त्या जणू कोणाची वाटच बघत होत्या. आखाजीला या भागात घरोघर गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर भरतात, आणि त्या माणसाच्या जागी कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पितर म्हणतात. पार्वतीबाईंकडे दरवर्षी येणारा म्हातारा यंदा तापानं पडला होता.

"मन्हा घर पितरले माणूस नही," त्या आप्पांना म्हणाल्या. "तुम्ही बठशात का?"

मला वाटलं आप्पा नको म्हणतील. ते चपला काढून आत गेले.

अंगण मोठं, सारवलेलं. तुळशीजवळ दोन घागरी भरलेल्या, त्यांवर खरबूज ठेवलेलं, पार्वतीबाईंच्या आईवडिलांच्या. तिसरी नवी कोरी घागर मात्र अंगणाच्या मधोमध पालथी होती. मी विचारलं.

"ती भाऊनी शे. हेमराजनी. ती आम्ही भरतस नही." पुरणाचं ताट वाढता वाढता त्या सहज म्हणाल्या, "तो आजून खाले उना नही."

अजून खाली आला नाही म्हणजे कुठून, मी विचारणार तोच आप्पांचा हात ताटावर थांबला.

मग मला ती सावली दिसली. पालथ्या घागरीभोवती, जवळजवळ सगळं अंगण व्यापून, एक गोल सावली होती. वर मी पाहिलं. आभाळ कोरडं, पांढरं. ना मांडव, ना फांदी. लिंब होता तो कुंपणाबाहेर, त्याची सावली त्याच्या बुडाशी. मी घड्याळ लावलं. वीस मिनिटांत लिंबाची सावली विटेच्या रुंदीएवढी सरकली. गोल सावली हलली नाही.

मी अनवाणी पाय आत ठेवला. बाहेर जमीन चटका देत होती. आत ती गार होती, ओलसर, आणि वास येत होता भातखाचराच्या चिखलाचा. या गावात भात होत नाही.

पार्वतीबाई माझ्याकडे बघत होत्या. दर आखाजीच्या दुपारी येते, असं त्यांनी सांगितलं. त्या बारा-तेरा वर्षांच्या होत्या तेव्हा ढगाच्या सावलीसारखी पुसट असायची, आईलाच फक्त दिसायची. मग वर्षावर्षाला गडद होत गेली. यंदा कड अगदी स्वच्छ आली आहे. म्हणजे तो खाली यायला आता जास्त दिवस नाहीत.

वस्तू जमिनीजवळ येते तशी तिच्या सावलीची कड धारदार होते. हे मी नववीच्या वर्गाला शिकवते.

"फौजनी कळाडं, सापडना नही," त्या म्हणाल्या. "पण तेना दोस्तनी चिठ्ठी उनी व्हती. छत्री उघडनी, मी सोता पाह्यं, आसं लिखेल व्हतं. मायनी ती चिठ्ठी देव्हारामा ठेयी. मंग घागर कशी भरतीस?"

त्यांनी पाण्याचा तांब्या आप्पांपुढे ठेवला आणि रीतीप्रमाणे विचारलं, "नाव काय तुमनं, भाऊ?"

"चुनीलाल."

पार्वतीबाई खाली बसल्या.

"चिठ्ठी तुम्हीच लिखेल व्हती."

आप्पांनी मान डोलावली.

"पाटवर बठेल माणूस खोटं बोलत नही, माय सांगे. मी आते म्हातारी व्हयनू. मन्हा मांगे हाऊ आंगन झाडाले कोनी नही. सांगा. उघडनी व्हती ना?"

झोक्यावरचं गाणं थांबलं होतं. आप्पांचे ओठ हलत होते. मला ठाऊक होतं ते काय मोजत होते.

"तो माझ्या पुढं होता," ते म्हणाले. मग त्यांची तळोद्याची बोली परत आली. "ताई, छत्री उघडनी नही. तुमनी मायले कसं लिखू, म्हनीसन खोटं लिखं."

पार्वतीबाई रडल्या नाहीत.

अंगणातली सावली मिटली. दोन्ही बाजूंनी आत ओढली गेली आणि अरुंद, लांबट होऊन घागरीपाशी राहिली. माणसाएवढी.

त्या उठल्या. घागर सुलटी केली. हंड्यातलं पाणी तिच्यात ओतू लागल्या, सावकाश, काठोकाठ.

मी वाकून पाहिलं. पाण्यात पांढरं आभाळ होतं. आणि त्यात दोन बुटांचे तळवे होते, खालून दिसतात तसे, जवळ जवळ जोडलेले.

मोठे होत होते.

पार्वतीबाईंनी घागर उचलून तुळशीजवळ नेली. अंगणाचा मधला भाग मोकळा केला.

आप्पांनी त्या दिवसात पहिल्यांदा मान वर केली.

"एक हजार चार," ते म्हणाले.