फाट्यावरचे प्रवासी

मालेगावच्या कोर्टाबाहेर हरीओम वकील शोधत होता. एका टेबलामागून आवाज आला, "बसा ना." त्यानं वळून पाहिलं आणि बसायचंच विसरला. ही तर... ती! रोज सकाळी त्याच्या गावच्या फाट्यावरून बस धरणारी, काळ्या बॅगची. वर्षभर तो तिला बँकेतली समजत होता. त्यापायी त्यानं दोन बँकांत खाती उघडली होती. पाटीवर नाव होतं, अ‍ॅड. निकिता.

"काय केलं तुमी?"

"मी अ‍ॅडमिन हाय," हरीओम खून केल्यासारखा म्हणाला.

भानगड अशी. खताचं दुकान सांभाळून गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तोच चालवायचा. सरपंच दौलतरावांनी फाट्यावर, जिथे बस थांबत नाही नेमका तिथे, प्रवासी निवारा बांधला. परवा ग्रुपवर एक धूसर फोटो पडला. निवाऱ्यात बकऱ्या, खाली ओळ: 'प्रवासी बसची वाट पाहून राह्यले'. गाव हसलं, दौलतरावांनी तक्रार दिली. ठाण्यातून निरोप आला, अ‍ॅडमिननं फोन घेऊन यावं. घाबरून हरीओमनं सगळ्यांनाच अ‍ॅडमिन करून टाकलं. एवढं गाव ठाण्यात मावणार नाही, असा हिशेब. लगेच धुरपताबाईंनी ग्रुपला आपल्या पापडांचं नाव दिलं, आणि कुणीतरी हरीओमलाच काढून टाकलं.

निकिता एवढी हसली, की शेजारचे वकील अशिलासकट वळले.

"दुसऱ्याच्या फोटोले अ‍ॅडमिन जबाबदार नसतो. हायकोर्टानंच सांगितलं."

"मॅडम... फोटो माहाच हाय."

"मंग त अजून सोपं. बकऱ्या खऱ्या, निवारा खरा. खरं सांगून हसवायचा हक्क संविधानानं देल्ला तुमाले. मूळ फोटो दाखवून टाकू."

"तो नाई दाखवत. त्यापरीस माफी लिहून देतो."

"काहून? हसल्याची माफी एकदा देल्ली, त गावात पुन्हा कोणी तोंड उघडन का? आणा इकडं."

हरीओमनं फोन दिला आणि स्वतः रस्त्यावरच्या मोटारसायकली पाहू लागला. मूळ फोटोत निवारा होता, बकऱ्या होत्या, आणि पलीकडे निंबाखाली, उडती ओढणी सावरत उभी... निकिता.

तिनं फोन त्याच्यापुढे धरला.

"ग्रुपवर मले कापलं काहून?"

"तुमाले विचारलं नोतं ना... लोकं काय बी बोलतात. तुमच्या नावाले त्रास कायले?"

"अन् फोटो काढताना विचारलं होतं?"

"...नाई."

"हा गुन्हा मोठा हाय," ती म्हणाली. पण ओठांनी तिला साथ दिली नाही. "फोटोत मी हाव. दाखवायचा का नाई, मी ठरवीन. चला."

ठाण्यात दौलतराव आधीच येऊन बसले होते. तिनं स्वतःच फोटो जमादार रतनसिंगांपुढे धरला. त्यांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. मग हरीओमकडे पाहिलं, निकिताकडे पाहिलं.

"सरपंचसायेब, याच्यात तुमची बदनामी कुठी हाय? निवारा धूसर, बकऱ्या धूसर. साफ फकस्त बाई दिसून राह्यल्या. या पोराचं तुमच्याकडं ध्यानच नोतं!"

हा अपमान दौलतरावांना जास्त झोंबला. पण त्याला कलम सापडेना. ते उठून गेले.

"काय रे," जमादार हरीओमला म्हणाले, "खरं काय ते सांग."

"सायेब, खरं म्हंजे... मले या मॅडम –"

"थांबा!" निकिता ताडकन उठली. गाल लाल, आवाज मात्र अगदी वकिली. "पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाई. बाहेर चला... मंग सांगा. सावकाश, पूर्ण."