सोंडवाला की लष्करी?

पठारावरचं गवत कोण फस्त करतंय, हे शोधायला संशोधिका आणि तिचा मामा कडा चढत होते. खोऱ्यातली गुरं याच गवतावर जगायची, आणि आता त्यात मोठमोठे पिवळे चट्टे पडले होते. लष्करी अळी असली, तर ती फौजेसारखी सरकत खोऱ्यात उतरणार. मग विमानातून विष फवारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण सोंडवाल्या पतंगाची अळी असली, तर ती मुळाशी रेशमी नळीत बसून जागच्या जागी खाते, आणि तिचा काळ सरला की गवत पुन्हा फुटतं. मग फवारणी म्हणजे झऱ्यांचं पाणी उगाच नासवणं! कृषी अधिकारी विमान सज्ज ठेवून तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

"काडीएवढ्या किड्यासाठी एवढा डोंगर!" मामा धापा टाकत म्हणाला. जन्मभर गिर्यारोहण शिकवत आलेला माणूस. कमरेला दोर बांधला की त्याची जीभ सैल सुटायची.

"मामा, तो श्वास चढायला ठेव."

माथ्यावर पोचले आणि धुक्याने घेरलं. पाऊल टाकलं की पतंग भुर्रकन उडत, दोन हातांवर काडीला चिकटत आणि दिसेनासे होत. अखेर एक सापडला. वाळल्या गवताचा रंग, पुढच्या पंखावर पांढरी रेघ, पंख अंगाभोवती गुंडाळलेले, तोंडापुढे लांब सोंड.

"सोंडवालाच!" ती ओरडली.

पण दुसरा हाती आला आणि तिचा चेहरा पडला. तोच रंग, तशीच फिकट रेघ. सोंड मात्र नाही! अंग जाडजूड, पंख छपरासारखे उतरते. तिने भिंग लावलं. डोळ्यांवर बारीक केस!

"हा लष्करी अळीचा पतंग आहे, मामा."

"मग तो मघाचा?"

"तो सोंडवाला."

"म्हणजे गवत खातंय कोण?"

"तेच तर कळत नाहीये!"

तिसऱ्याची सोंड मोडलेली, पंखांची भुकटी झडलेली. त्याच्यावरून काहीच ठरेना. नमुन्यांच्या डबीकडे बघून तिचं डोकं भणाणून गेलं. आलो कुठून, जायचं कुठे, तेही आता उमगेना.

"इकडून आलो वाटतं," म्हणत मामाने पाऊल टाकलं.

जमीनच संपली!

दोघांच्या कमरांना जोडणाऱ्या दोराला हिसका बसला. ती फरफटत कड्याकडे निघाली. डबी सुटली, घरंगळली, गेली! तिने दोन्ही मुठींनी गवत धरलं. झुबका मुळासकट उपटून आला! बुटाची टाच एका खडकात अडकली. ती थांबली.

"मामा!"

"आहे! खाच सापडलीये... दोर ताणून धर!"

मामा खरचटत, कण्हत वर आला. बराच वेळ दोघं पालथे पडून होते.

"डबी?" त्याने विचारलं.

"गेली."

"अरेरे! सोडलीस होय?"

"मग काय तुला सोडायला हवं होतं?"

मामा हसायला लागला. तिने आखडलेली मूठ उघडली. गवताची पाती शाबूत होती, मुळं मात्र कुरतडलेली. आणि त्यांना चिकटलेल्या रेशमी नळीतून एक अळी डोकावत होती. लष्करी अळीने आधी पाती फस्त केली असती! धुकं विरळ होताच तिने चट्ट्यामागून चट्टे तपासले. सगळीकडे तोच प्रकार. तरी मनातली पाल चुकचुकत राहिलीच. ते केसाळ डोळ्यांचे पतंग वाऱ्याबरोबर भरकटत आले असतील? की अंडी घालायला?

"नक्की ना?" अधिकाऱ्याने फोनवर विचारलं.

"पतंग दोन्ही आहेत. पण खाणारा सोंडवाला आहे. विमान उडवू नका."

"आणि चुकलात तर?"

"मी खोरं सोडून जात नाही. फौज दिसली, तर पहिला फोन माझाच येईल."

त्यानंतर ती रोज उतारावर पानं उलटून पाहायची. झोप नीट लागेना, घास गोड लागेना. चूक तर केली नाही ना?

मग एका सकाळी, पुढे चढून गेलेल्या मामाची हाक आली, "अगं, लवकर ये!"

ती धावली. पिवळ्या चट्ट्याच्या मधोमध बोटभर उंचीची कोवळी, हिरवी पाती तरारली होती. ती खाली बसली आणि किती तरी वेळ नुसती त्यांवरून हात फिरवत राहिली.